बॅटरी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

इलेक्ट्रिक गाडीवाला माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा घडी घातलेलं एक कोटेशन असतं. त्यावर एकच ओळ असते. हाय व्होल्टेज बॅटरी पॅक, नग एक. नाहीतर ड्राइव्ह युनिट, म्हणजे गाडी पळवणारा मोटरचा संच, नग एक. समोरचा आकडा लाखांत. वॉरंटी शिल्लक असेल तर पार्ट येईपर्यंत गाडीविना दिवस काढायचे एवढाच त्रास. वॉरंटी संपलेली असेल तर घरात कुणाला धड झोप लागलेली नसते. मग विचारतात, "दादा, कंपनीवाले म्हणतत बॅटरीच बदलूक होयी. गाडी ठेवूची की विकूची?"

त्यावर मी विचारतो, बॅटरी गेली म्हणजे तिच्यातलं काय गेलं, हे कुणी सांगितलं का? याचं उत्तर क्वचितच मिळतं. सर्व्हिस सेंटरमधली पोरं कामाला वाईट नसतात. त्यांनी स्कॅनर लावलेला असतो, कोड वाचलेला असतो, आणि त्या कोडपुढे कंपनीने जे लिहून ठेवलंय तेच ते करतात. पॅक उघडायची त्यांना परवानगीच नसते. त्यामुळे आतला शंभर रुपयांचा सील खराब असो की सगळे सेल संपलेले असोत, कागदावर ओळ एकच उमटते. त्या एका ओळीमागे काय काय असू शकतं, ते आज सविस्तर लिहितो.

आमचं वर्कशॉप कुडाळच्या एमआयडीसीत आहे. बाबांनी ते मोटर रिवाइंडिंगसाठी सुरू केलं. शेतीपंप, बर्फ कारखान्याच्या मोटरी, ट्रॉलरचे अल्टरनेटर, लग्नाच्या मांडवातले जनरेटर, सगळं आमच्याकडे यायचं. बाबा मोटर उघडायच्या आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, लावायचे आणि म्हणायचे, "मोटार जळली म्हणान हाडतत, अर्ध्यांका निसती ओल लागलेली असता." आणि खरंच, ती मोटर दिवसभर बल्बच्या उबेत ठेवली की संध्याकाळी पुन्हा पंपावर चढायची. इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करण्याआधी मी पुण्याला जाऊन हाय व्होल्टेजचं शिक्षण घेतलं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि इन्सुलेटेड हत्यारं घेतली. पण 'जळली' म्हणण्याआधी मोजायचं, ही सवय बाबांची.

वेंगुर्ल्याच्या एक शिक्षिका आहेत, मी त्यांना बाईच म्हणतो. त्यांनी मुंबईतल्या नातेवाइकांकडून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. पाऊस सुरू झाला आणि गाडी अधूनमधून लाल दिवा दाखवून बंद पडायला लागली. इन्सुलेशन फॉल्ट. म्हणजे हाय व्होल्टेजचा करंट कुठूनतरी गाडीच्या बॉडीकडे झिरपतोय. गाडीतली यंत्रणा हे सतत मोजत असते आणि आकडा मर्यादेखाली गेला की बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, उघडून सगळं तोडते. माणसाचा जीव वाचवायलाच ही व्यवस्था आहे. नियम साधारण असा, की दर व्होल्टमागे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) सर्किटला किमान शंभर ओहम आणि एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) सर्किटला पाचशे ओहम रोध हवा. ३२० व्होल्टची गाडी असेल तर डीसीच्या हिशेबाने ३२ किलोओहम. धडधाकट गाडीत हा आकडा मेगाओहममध्ये असतो, मर्यादेच्या कितीतरी वर.

बाईंना सांगण्यात आलं की पावसात पॅकमध्ये पाणी शिरलं, पॅक बदला, आणि पाणी शिरलं म्हणजे वॉरंटीत बसत नाही. ऐकणाऱ्याला पटावं असंच होतं सगळं. कोकणातला पाऊस, उभादांड्याची खारी हवा, आणि पाऊस असतानाच येणारा फॉल्ट.

मी आधी त्यांना बसवून विचारलं, फॉल्ट येतो तेव्हा तुम्ही काय करत असता? त्या म्हणाल्या, काही नाही, शाळेत जात असते. पाऊस असला की येतोच, नसला की येत नाही. मग विचारलं, पावसात काच धुरकटते तेव्हा काय करता? "एसी लावते की." आणि पाऊस नसताना? "खिडकी उघडी ठेवते, वारा बरा वाटतो."

इथे पाऊस बाजूला पडला आणि एसी समोर आला. गाडी लिफ्टवर घेतली, हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटर उतरेपर्यंत थांबलो, मीटरने शून्य व्होल्ट आहे याची खात्री केली आणि मग एकेक भाग वेगळा करून पाचशे व्होल्टचा मेगर लावला. पॅककडची बाजू ठीक. ड्राइव्ह युनिट ठीक. चार्जर ठीक. एसीच्या कॉम्प्रेसरवर आकडा घसरला, काही किलोओहमच. कॉम्प्रेसरचा कनेक्टर तोडून ठेवला की बाकी गाडी निर्धास्त.

कारण विचारत विचारत सापडलं. मे अखेरीस एसीचा गारवा कमी झाला म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या एका दुकानात गॅस भरून घेतला होता. गॅस भरताना थोडं तेलही टाकतात. साध्या गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, त्यात बहुधा पीएजी जातीचं तेल चालतं. इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये मात्र तीनशे-चारशे व्होल्टची मोटरच गॅस आणि तेलात बुडालेली असते, म्हणून तिथे वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल लागतं. पीएजी तेल वीज वाहू देतं, वर हवेतली ओल शोषून घेतं. थोडंसं जरी चुकीचं तेल आत गेलं तरी इन्सुलेशन ढासळतं. गॅस भरल्यावर आठवड्याभरात मृग लागला आणि सगळा आळ पावसावर गेला. एसी गॅसवाल्यालाही दोष देता येत नाही, त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी आता आमच्या भागातल्या एसीवाल्यांच्या दुकानांत स्वतः जाऊन सांगतोय, की हाय व्होल्टेजची नारंगी केबल दिसली की तेलाची बाटली खाली ठेवा आणि आधी विचारा. ज्या मशीनमधून साध्या गाड्यांचा गॅस भरला, तिच्या नळीत राहिलेलं तेलसुद्धा पुरेसं असतं.

कॉम्प्रेसर बदलला, लाइन धुतली, पीओई तेल भरलं. खर्च पॅकच्या कोटेशनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पॅकला हातही लावावा लागला नाही. बाईंनी ते कोटेशन मान्य केलं असतं तर चांगला पॅक उतरवून नवा चढवला असता, आणि एसी लावल्यावर नव्या पॅकनेही तोच लाल दिवा दाखवला असता.

असंच चार्जिंगचं. 'बॅटरी चार्ज घेत नाही' ही तक्रार एप्रिल-मे महिन्यांत वाढते. आमच्याकडे जांभ्याचा कातळ. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो, अर्थ मिळत नाही, आणि गाडीचा चार्जर अर्थ तपासून मगच चार्ज सुरू करतो. बॅटरीचा यात काडीचा संबंध नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून, रोज बादलीभर पाणी ओतून किंवा खोल बोअरमध्ये नीट केमिकल अर्थिंग करून प्रश्न सुटतो. वायरमनला बोलावून अर्थचा रोध मोजून घ्या, अंदाजाने बोलू नका.

रेंज कमी झाल्याच्या तक्रारीत थोडं खोल जावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी सेल आहेत, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. या सेलचा एक स्वभाव आहे. साधारण ३.२ व्होल्टच्या आसपास त्याचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. सत्तर टक्के भरलेला सेल आणि चाळीस टक्के भरलेला सेल यांच्या व्होल्टेजमध्ये फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे बॅटरी किती भरली आहे हे व्यवस्थापन यंत्रणेला, म्हणजे बीएमएसला, करंट मोजत मोजत अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत सावकाश चार्ज केलं की शेवटी व्होल्टेज झपकन वर चढतं, तिथे बीएमएसला पक्की खूण मिळते आणि सेलही समान पातळीवर आणले जातात. पण लोकांनी मोबाइलवर वाचलेलं असतं, की ऐंशीच्या वर भरू नका. तो सल्ला निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलसाठी ठीक आहे. एलएफपी गाडीला सहसा आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगितलेलं असतं. आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते उघडून बघा. मी अशी गाडी रात्रभर घरच्या पॉइंटवर लागोपाठ पूर्ण भरायला सांगतो आणि मग पुन्हा मोजतो. बऱ्याच वेळा हरवलेली रेंज परत दिसायला लागते, कारण ती हरवलेली नसतेच.

आता खरोखर पॅकमध्ये दोष असतो तेव्हाचं.

३२० व्होल्टचा पॅक म्हणजे ३.२ व्होल्टचे सेल शंभर एकामागे एक जोडलेले. करंट सगळ्यांतून एकच वाहतो. त्यामुळे त्यातला सगळ्यांत कमजोर सेल रिकामा झाला की बीएमएस सगळा पॅक थांबवते, बाकीच्यांत कितीही शिल्लक असो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोरीला लागलेल्यांत एकाचा हात सुटला की अख्ख्या रांगेला थांबावं लागतं, तसंच. म्हणून पॅकच्या आरोग्याचा एकूण आकडा मला फारसं काही सांगत नाही. मला लोडवर असताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज हवं असतं. आंबोलीचा घाट चढताना घेतलेली नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. बाकी सगळे ३.२ च्या आसपास असताना एकच सेल २.९ ला कोसळत असेल, तर तो सेल किंवा त्याचा जोड खराब आहे.

आणि पुष्कळदा जोडच असतो. वॉरंटी संपलेल्या एका टॅक्सीचा पॅक आम्ही खाली घेतला होता. झाकणाचे बोल्ट काढले, सील कापलं, झाकण उचललं. आत सगळं कोरडं, स्वच्छ. एका कोपऱ्यात मात्र दोन मॉड्यूलना (सेलच्या गठ्ठ्यांना) जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीखाली जांभळट डाग होता आणि शेजारचं प्लॅस्टिक किंचित पिवळं पडलं होतं. बोल्टला टॉर्क रेंच लावला तर तो जवळपास हातानेच फिरला. सैल जोड, त्यामुळे रोध, त्यामुळे उष्णता, आणि घाटात करंट वाढला की तिथेच व्होल्टेज पडायचं. बीएमएसला वाटायचं सेल कमजोर झाला. सेल अगदी ठणठणीत होता. पट्टी साफ केली, बोल्ट नवे घातले, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळले. सगळ्यांत जास्त वेळ नंतरच्या कामाला लागला. झाकणाचं सील नव्याने घालायचं, आत हवेचा दाब भरून गळती तपासायची. हे नीट केलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पॅक खरोखर मरेल. पॅक उघडण्यापेक्षा बंद करणं अवघड, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

हे वाचून कुणी घरी पॅक उघडायला जाऊ नये. सर्व्हिस प्लग काढला तरी सेल आपापल्या जागी जिवंतच असतात, त्यांना बंद करायचं बटण नाही. डीसीचा तीनशे व्होल्टचा झटका माणसाला सोडत नाही.

ड्राइव्ह युनिट हे माझं खरं माहेर. मोटर, गिअर रिड्यूसर आणि बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा इन्व्हर्टर असे तिन्ही मिळून त्याला ड्राइव्ह युनिट म्हणतात. काही गाड्यांत तिन्ही एकाच खोक्यात, काहींत वेगवेगळे. लोकांना वाटतं मोटर जळते. तांब्याचं वाइंडिंग जळलेली गाडीची मोटर मी फार कमी पाहिली. बेअरिंग जातात, ऑइल सील जातात, कूलंट नको तिथे शिरतो, कनेक्टरवर हिरवा गंज चढतो.

बेअरिंगचं जरा बारकाईने सांगतो. मालवणच्या एका टॅक्सीवाल्यांची गाडी आली, मोपा विमानतळ ते मालवण अशी सतत फिरणारी. ऐंशीच्या पुढे गुरगुर, पाय काढला की आवाज वाढायचा. युनिट उतरवलं, तेल काढलं, तर ते राखाडी आणि बोटांना किंचित खरखरीत. मोटरचं बेअरिंग कापून बाहेरची रिंग उजेडात धरली. आतल्या गुळगुळीत वाटेवर एकसारख्या अंतरावर आडव्या रेघा पडल्या होत्या, कंगव्याच्या दात्यांइतक्या नेमक्या. नुसत्या झिजेने अशा रेघा पडत नाहीत. त्या विजेने पडतात. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, त्यातून शाफ्टवर थोडंसं व्होल्टेज साचतं आणि ते बेअरिंगमधल्या तेलाच्या पापुद्र्याला भेदून बॉडीकडे उडी मारतं. प्रत्येक उडीला सुईच्या टोकाएवढा खड्डा. बर्फ कारखान्यांतल्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या मोटरींत मी या रेघा आधीपासून ओळखतो. तिथे आम्ही सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग घालतो किंवा शाफ्टला ग्राउंडिंग रिंग बसवतो. इथेही उपाय तोच. वाइंडिंग, मॅग्नेट, गिअर सगळं उत्तम होतं. दोन बेअरिंग, ऑइल सील, नवं तेल, आणि अख्खं युनिट फेकायची गरज उरली नाही.

ड्राइव्ह युनिटचे आजार जगभर सारखेच आहेत. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एस गाड्यांच्या ड्राइव्ह युनिटमधून असाच आवाज यायचा, कंपनी युनिट बदलून द्यायची. ऑगस्ट २०१४ मध्ये टेस्लाने त्या युनिटची वॉरंटी आठ वर्षे आणि अमर्याद अंतर अशी वाढवली. पुढे त्या गाड्या जुन्या झाल्यावर बाहेरच्या गॅरेजवाल्यांनी तीच युनिटं उघडून बेअरिंग आणि कूलंटचे सील बदलायला सुरुवात केली. तिथे होतं ते कुडाळला का होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मालवणच्या त्याच टॅक्सीवाल्या दादांच्या दुसऱ्या गाडीचं युनिट वॉरंटीत बदलून मिळालं होतं आणि त्यावर 'रीकंडिशन्ड' असं लेबल होतं. ते चिडून आले होते, "माझ्या गाडयेक जुनो माल घातल्यानी." मी त्यांना समजावलं. कारखान्यात उघडून, झिजलेले भाग बदलून, टेस्ट बेंचवर चालवलेलं युनिट वाईट नसतं. उलट पहिल्या बनावटीत जो दोष होता तो सुधारलेला सील किंवा बेअरिंग त्यात असण्याची शक्यता जास्त. जुनं युनिट परत घेऊन दुरुस्त करून पुढच्या गाडीला देणं हीच शहाणपणाची रीत आहे. निसानने २०१४ मध्ये अमेरिकेत लीफ गाडीचा बदली पॅक ५,४९९ डॉलरला जाहीर केला तोही जुना पॅक परत देण्याच्या अटीवर. पण लेखी काय घ्यायचं ते घ्या. नव्या युनिटचा किंवा पॅकचा सिरियल नंबर जॉब कार्डवर हवा. नवा की रीकंडिशन्ड हे लिहिलेलं हवं. आणि त्याची वॉरंटी कुठून मोजायची, हेही. बहुतेक कंपन्यांच्या कागदांत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो, बदलल्याच्या दिवसापासून नवी आठ वर्षे नाहीत. हे आधी माहीत असलेलं बरं.

एका बाबतीत मात्र मी दुरुस्तीचं नावही काढत नाही. पुरात किंवा समुद्रात बुडालेला पॅक. पॅकवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. तेही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत भरलं तेव्हा ते अर्ध्या तासात ओसरलं नव्हतं, आणि त्यात चिखल होता. भरतीचं खारं पाणी तर त्याहून वाईट, मीठ आत राहतं आणि कित्येक दिवसांनी शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळाच्या वेळी समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर अशाच पेटल्या. अशी गाडी चालू करून बघू नका, घराला लागून ठेवू नका, मोकळ्यावर ठेवा आणि कंपनीला कळवा. आणि पर्यटकांना हात जोडून विनंती, गाडी किनाऱ्यावर वाळूत घालू नका. ओहोटीला कडक वाटणारी वाळू भरतीला गाडी सोडत नाही.

असा पॅक भंगारवाल्याला विकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची आहे. आमच्याकडे एका भंगाराच्या यार्डात पॅकवर कटर चालवायच्या तयारीत असलेला पोरगा मी स्वतः थांबवलाय. त्याला वाटलं, आत शिसं असेल.

पैशाचं बोलायलाच हवं. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये पॅकचा जगातला सरासरी भाव किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होता. २०१० मध्ये तो हजार डॉलरच्या वर होता. त्या भावाने तीस किलोवॉट-तासाचा पॅक आज तीन लाखांच्या आसपास पडायला हवा. कोटेशनवरचा आकडा त्याहून बराच मोठा असतो, कारण सुटा पार्ट, वाहतूक, साठवणूक, आणि कर. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण तोच पॅक सुटा घेतला की १८ टक्के. गाडी विकत घेणाऱ्याला सवलत आणि ती गाडी टिकवू पाहणाऱ्याला तिप्पटीहून जास्त कर, हे मला अन्यायाचं वाटतं. गाडी पंधरा वर्षे चालावी असं सरकारला वाटत असेल तर बदली पॅक आणि मॉड्यूलवरचा कर आधी कमी व्हायला हवा.

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, बॅटरी आणि मोटरला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी घेऊन. म्हणजे जानेवारी २०२८ पासून पहिल्या लॉटच्या गाड्या वॉरंटीबाहेर पडायला लागतील. टॅक्सीतल्या गाड्या किलोमीटरच्या हिशेबाने आधीच पडल्या. आता काही मॉडेलवर पंधरा वर्षांची वॉरंटी मिळते, पण ती पहिल्या मालकाला. आणि कोकणात येणाऱ्या कितीतरी गाड्या मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी चार-पाच वर्षे वापरून मग गावाकडे दिलेल्या असतात. आपण दुसरे मालक. पुढच्या काही वर्षांत दुरुस्तीचा खरा भार आपल्याच भागावर पडणार आहे, आणि मोठं काम निघालं की आजही गाडी कोल्हापूरला किंवा गोव्यात न्यावी लागते, तीही टोइंग करून.

माझं मागणं साधं आहे. कंपन्यांनी पॅकबरोबर मॉड्यूल, काँटॅक्टर, झाकणाचं सील, ड्राइव्ह युनिटची बेअरिंग आणि ऑइल सील सुटी विकावीत. टॉर्कचे आकडे आणि गळती तपासायचा दाब शिक्षण घेतलेल्या गॅरेजना द्यावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत, पण पॅकच्या आत काय आहे ते तिथूनही कळत नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, कोणता सेल, किती क्षमता, किती आरोग्य उरलं हे त्यात असेल. आपल्याकडे तसं येईपर्यंत मालवणच्या तंत्रनिकेतनातली आणि आमच्या आयटीआयमधली मुलं तयार व्हायला हवीत. माझ्याकडची दोघं आता पॅक बंद करून गळती तपासण्यापर्यंत पोचली आहेत. आणखी कुणाला शिकायचं असेल तर दिवाळीनंतर या, हातमोजे मी देतो.

आणि ज्यांच्या हातात आज कोटेशन आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरकडे तीन गोष्टी मागा. फॉल्टचा पूर्ण कोड, प्रत्येक सेलच्या व्होल्टेजची छापील नोंद, आणि इन्सुलेशन फॉल्ट असेल तर कोणता भाग वेगळा केल्यावर आकडा किती आला ते. हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर माझ्याकडे गाडी आणू नका, सील तुटलं की वॉरंटी जाईल. फक्त कागदांचे फोटो पाठवा, वाचून सांगतो. २०२०-२१ च्या गाड्यांवाल्यांनी वॉरंटी संपायच्या निदान सहा महिने आधी पॅकची तपासणी करून रिपोर्ट लेखी घ्यावा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून कधीही या, तेव्हा हायवेवरून येणाऱ्या गाड्यांनी वर्कशॉपमध्ये उभं राहायला जागा नसते.